दिल्लीचे मत

२०१४ सालचा ईस्टर २० एप्रिल रोजी आला होता आणि आमच्या पालघर लोकसभा मतदारसंघातले मतदान त्यानंतरच्या गुरुवारी, २४ एप्रिलला होते. पुनरुत्थानाच्या रविवारी चर्च जसे भरते तसे वर्षातून फार थोड्या वेळा भरते. एरवी दरवाजाबाहेर गप्पा मारीत मिस्सा 'ऐकणारे' तरुणही त्या दिवशी आत येऊन उभे राहतात. वेदीवरून ती भरगच्च सभा पाहिली आणि मला मोह झाला. प्रवचनाच्या अखेरीस मी येत्या गुरुवारच्या मतदानाकडे वळलो. पक्षाचे नाव घेतले नाही, उमेदवाराचेही घेतले नाही. परंतु आपली ओळख, आपल्या संस्था, आपली माणसे यांविषयी अशा शब्दांत बोललो की, मी कोणत्या चिन्हाकडे बोट दाखवतो आहे हे शेवटच्या बाकावरील मुलालाही कळावे. ख्रिस्तसभेच्या शिस्तीत हे बसत नाही, हे मला ठाऊक होते. तरीही मी बोललो. चिन्ह कोणते होते ते आज सांगत नाही. त्याने या लेखाच्या अर्थात काही भर पडणार नाही.

निकाल १६ मे रोजी लागला. पुढे केव्हातरी गावातील एका कार्यकर्त्याने आमच्या मतदान केंद्राचे आकडे माझ्यापुढे ठेवले. माझ्या धर्मग्रामाची मते तीन ठिकाणी विभागली गेली होती आणि मी सुचविलेल्या चिन्हाला त्यांतील निम्मीही मिळाली नव्हती. खरे सांगायचे तर माझा अभिमान दुखावला. ज्यांचे बाप्तिस्मे केले, लग्ने लावली, ज्यांच्या घरच्या मयताला रात्री-अपरात्री धावून गेलो, त्यांनी माझे ऐकू नये याचा मला विषाद वाटला.

त्या सुमारास एक वयस्क बाई माझ्या कार्यालयात आल्या. त्यांना आपण मावशी म्हणू. सारे गाव त्यांना तसेच म्हणते. पहाटेच्या लोकलने सोनचाफा आणि भाजी दादरला नेऊन विकण्यात त्यांचे उभे आयुष्य गेले. नातवाच्या शाळेसाठी त्यांना शिफारसपत्र हवे होते. पत्र लिहिता लिहिता मी सहज विचारल्यासारखे विचारले, "मावशी, मत कोणाला दिलंत?"

मावशींची बोली सामवेदी. ती मला कागदावर नीट उतरवता येणार नाही, म्हणून त्यांचे म्हणणे साध्या मराठीत देतो. त्या म्हणाल्या, "फादर, तुम्ही सांगितलं ते मी ऐकलं. पण मत नाही दिलं तिकडे. टँकर तिसऱ्या दिवशी येतो. हंडे भरायला सुनेची रात्र जागून जाते. आपला माणूस आपल्या फेस्ताला येईल, माळ घालून घेईल, केक कापील. दिल्लीत तो एकटा काय करणार? ज्याच्या हातात पाणी सोडायची चावी येणार, त्याला दिलं मी. आणि फादर, गल्लीचं मत वेगळं असतं, दिल्लीचं वेगळं. पंचायतीला तुम्ही सांगाल तसं करीन."

मी पत्रावर सही केली, शिक्का मारला आणि ते त्यांच्या हाती दिले. त्या गेल्यावर बराच वेळ मी तसाच बसून राहिलो. मावशींनी मला उत्तर दिले नव्हते, एक प्रश्न दिला होता. ज्या समाजात जात, धर्म, बोली यांवाचून सोयरीक जुळत नाही, भाड्याचे घर मिळत नाही, त्याच समाजातील माणूस देशाच्या निवडणुकीत मतयंत्रासमोर उभा राहिला की या साऱ्या गोष्टी बाजूला ठेवून 'काम कोण करील' आणि 'देश कोण चालवील' एवढेच का विचारतो? आणि तो हे खरोखरच बाजूला ठेवतो, की आपल्याला तसे वाटते?

* * *

या प्रश्नाचा पहिला धागा मला माझ्या घरातच सापडला. माझे वडील शेतकरी होते; केळी, पानवेल आणि थोडी भातशेती. १९५७ सालच्या निवडणुकीत त्यांनी संयुक्त महाराष्ट्र समितीला मत दिले होते. तेव्हा आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात होतो. मुंबईसह मराठी भाषकांचे राज्य मिळावे म्हणून माणसांनी गोळ्या झेलल्या होत्या. त्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसची अक्षरशः दाणादाण उडवली. निवडणूक लोकसभेचीही होती; अन्नटंचाई, पंचवार्षिक योजना, पंडित नेहरूंचे उत्तुंग नेतृत्व हे सारे समोर होते. तरीही मराठी मतदाराने त्या वेळी अस्मितेलाच कौल दिला.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. पुढची निवडणूक १९६२ ची. महाराष्ट्रातील लोकसभेच्या ४४ जागांपैकी ४१ जागा काँग्रेसने जिंकल्या. पाच वर्षांपूर्वी ज्यांनी त्या पक्षाला धूळ चारली होती, त्यांनीच त्याला डोक्यावर घेतले. यशवंतराव चव्हाणांचे सहकारी साखर कारखाने, पंचायत राज्याची आखणी, गरिबांच्या मुलांना शुल्कमाफी ही भाषा आता लोकांना ऐकू येऊ लागली होती. समितीतील पक्षांची भाषणे पूर्वीइतकीच जाज्वल्य होती. परंतु जे मागायचे ते मिळून गेले होते.

वडिलांना मी एकदा याविषयी छेडले होते. ते म्हणाले होते, "सत्तावन्नला मी मराठी म्हणून मत दिलं, बासष्टला शेतकरी म्हणून दिलं. माणूस तोच होता रे."

वडिलांचे हे वाक्य त्या वेळी मी हसण्यावारी नेले. मावशी येऊन गेल्यावर ते मला नव्याने ऐकू आले. आपल्या तोंडात बत्तीस दात आहेत हे आपल्याला कुठे जाणवते? त्यातला एक ठणकू लागला की मात्र जेवण, झोप, प्रार्थना, काही सुचत नाही. अस्मितेचे तसेच आहे. ती दुखावली गेली की माणसाला दुसरे काही दिसत नाही. ती निर्धास्त असली की तो तिला विसरतो आणि पाण्याकडे, पिकाकडे, पोराच्या नोकरीकडे वळतो. मतदार अस्मितेपेक्षा विकासाला मोठा मानतो असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा एवढेच खरे असते की, त्या घटकेला त्याचा तो दात दुखत नसतो. हे माझे आजवरच्या विचाराचे फलित आहे आणि पुढचे सारे विवेचन त्याच्याच आधाराने करीत आहे.

* * *

मावशींनी 'दिल्ली' आणि 'गल्ली' असा जो भेद केला, त्याचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. १९६७ पर्यंत लोकसभा आणि विधानसभा यांच्या निवडणुका साधारणतः एकत्र होत. एकाच दिवशी आमदार आणि खासदार निवडायचा, तेव्हा गावच्या पाटलाचे, जातीच्या पुढाऱ्याचे, साखर कारखान्याच्या संचालकाचे गणित दोन्ही मतांना लागू पडे. १९७१ साली इंदिरा गांधींनी लोकसभेची निवडणूक मुदतीच्या एक वर्ष आधी घेतली आणि राज्यांची निवडणूक तिच्यापासून बहुतेक ठिकाणी वेगळी पडली. विरोधक म्हणाले, 'इंदिरा हटाओ'. त्या म्हणाल्या, 'गरिबी हटाओ'. ५१८ पैकी ३५२ जागा त्यांच्या पक्षाला मिळाल्या. गावच्या पुढाऱ्याच्या डोक्यावरून दिल्लीतील एक व्यक्ती थेट मतदाराशी बोलत होती. १९८० साली त्या पुन्हा निवडून आल्या, तेव्हाची त्यांची घोषणाच 'ना जात पर, ना पात पर' अशी सुरू होत असे. जनता पक्षाच्या भांडणांना लोक विटले होते आणि कांद्याचा भाव गगनाला भिडला होता. 'काम करणारे सरकार' एवढीच मागणी होती.

मतदाराला हा भेद कळत नाही, असे पुष्कळ शिकलेल्या माणसांना वाटते. त्यांनी ओडिशाचे उदाहरण पाहावे. २०१९ साली तेथे लोकसभा आणि विधानसभा या दोन्हींसाठी एकाच वेळी मतदान झाले. विधानसभेत बिजू जनता दलाला ११२ जागांचे प्रचंड बहुमत मिळाले. मात्र लोकसभेच्या २१ जागांपैकी ८ जागा भारतीय जनता पक्षाने जिंकल्या. विधानसभेत त्या पक्षाचा वाटा याहून पुष्कळ लहान होता. लाखो माणसांनी एकाच खोलीत, एकाच पडद्याआड, दोन यंत्रांवर दोन वेगवेगळी बटणे दाबली होती. त्यांची जात आणि धर्म पहिल्या यंत्रापासून दुसऱ्या यंत्रापर्यंत चालत जाताना बदलला नव्हता. बदलला होता तो समोरचा प्रश्न.

राष्ट्रीय निवडणुकीत नेतृत्व एवढे मोठे का होते, याचे कारणही मला येथेच दिसते. ग्रामपंचायतीचा उमेदवार आपण लहानपणापासून पाहिलेला असतो. त्याच्या आजोबांनी कोणाचा बांध कोरला हेही आपल्याला ठाऊक असते. लोकसभेत ५४३ माणसे बसतात. त्यांपैकी एकालाही आपण नीट ओळखत नाही. मग मतदार त्या सगळ्यांऐवजी एक चेहरा धरून ठेवतो. अनोळखी शहरात आजारी पडलेला माणूस जसा औषधांची चिकित्सा करीत बसत नाही, विश्वास ठेवता येईल असा डॉक्टर शोधतो, तसेच हे आहे. त्याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे, परंतु अन्यायाचे आहे.

* * *

विकासाच्या बाबतीत मात्र आणखी एक मोठा बदल माझ्या डोळ्यांदेखत घडला आणि तो मान्य करताना मला जड गेले, कारण त्यात माझा स्वतःचा भाग होता.

सेमिनरीतून बाहेर पडून मी धर्मगुरू झालो, तेव्हा माझ्या कार्यालयाबाहेर रोज सकाळी माणसे बसलेली असत. कोणाला शिधापत्रिकेसाठी चिठ्ठी हवी, कोणाला शाळेत प्रवेश, कोणाला तहसील कचेरीत ओळख. मी चिठ्ठी लिहीत असे, प्रसंगी दूरध्वनी करीत असे आणि काम होई. हीच गोष्ट अन्य समाजांत जातीचा पुढारी करी, मशिदीचा विश्वस्त करी, सोसायटीचा चेअरमन करी. सरकार दूर होते. त्याच्यापर्यंत पोहोचायचे तर आपल्या माणसाच्या हातातूनच जावे लागे. अशा वेळी 'आपला माणूस' ही केवळ भावना नव्हती, ती गरज होती. मतही त्याच वाटेने जाई. आम्ही सारे, आपापल्या समाजाचे सज्जन, खरे तर मध्यस्थ होतो. आणि मध्यस्थाला आपले वजन प्रिय असते.

मग ही वाट हळूहळू बदलली. २००५ साली रोजगार हमीचा कायदा देशभरासाठी झाला. त्याची मजुरी पुढे बँकेच्या वा पोस्टाच्या खात्यात जाऊ लागली. २०१४ च्या ऑगस्टमध्ये जनधन खात्यांची योजना आली. २०१६ साली उज्ज्वला योजनेतून गॅसची जोडणी घरातील स्त्रीच्या नावे मिळू लागली. २०१९ साली शेतकऱ्याला वर्षाकाठी ६,००० रुपये थेट खात्यात देण्याची योजना सुरू झाली. २०२४ च्या जुलैमध्ये आपल्या राज्यात लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये सुरू झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरातील विधानसभेच्या निकालात त्यांचा वाटा साऱ्यांनीच मानला. या योजनांचे श्रेय वेगवेगळ्या सरकारांकडे जाते आणि त्यांतील उणिवांची यादीही मोठी आहे. पण एक गोष्ट सगळ्यांत समान आहे: मधला माणूस गळाला. खात्यात पैसे आल्याचा संदेश भ्रमणध्वनीवर येतो, तेव्हा मावशींच्या सुनेला माझ्या चिठ्ठीची गरज उरत नाही.

याचा एक अर्थ मला फार उशिरा उमगला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदारयादीतून वगळावी लागली होती. कारण एवढेच की, त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची पत्नी, तमक्याची आई अशी ओळख दिली होती आणि निवडणूक आयुक्त सुकुमार सेन तशा नोंदी स्वीकारायला तयार नव्हते. ज्या देशात लाखो स्त्रियांना स्वतःचे नाव सांगता आले नाही, त्याच देशात आज स्त्रीच्या नावाचे खाते आहे, गॅसचे कार्ड आहे. तिच्या दृष्टीने 'विकास' या शब्दाचा अर्थ उड्डाणपूल किंवा वाढीचा दर असा नाही. आपले नाव कुठेतरी लिहिले गेले आहे, कोणाची मिनतवारी न करता आपल्याला आपले मिळते आहे, हा तो अर्थ आहे. म्हणजे आम्ही ज्याला अस्मितेवरचा विकासाचा विजय म्हणतो, तो तिच्यासाठी एका नव्या ओळखीचा जन्म आहे. ती कोणाची तरी कोणीतरी राहिलेली नाही. मला तिचा विश्वासघात वाटला, तो वस्तुतः तिचा मोकळा श्वास होता.

* * *

येथेच थांबलो असतो तर हा लेख गोड झाला असता. परंतु मी वसईचा आहे, आणि वसईच्या माणसाला 'विकास' हा शब्द सहजासहजी गोड लागत नाही.

१९८९ साली मी एकोणीस वर्षांचा होतो. मतदानाचे वय त्याच वर्षी एकवीसवरून अठरावर आले होते, त्यामुळे नोव्हेंबरच्या निवडणुकीत माझ्या बोटाला पहिल्यांदा शाई लागली. त्याच काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचे आंदोलन पेटले होते. आमचा हिरवा पट्टा बांधकामांसाठी खुला होत होता, विहिरींचे पाणी टँकर भरभरून नव्या इमारतींकडे जात होते आणि ज्या विहिरींवर रहाट फिरत होते त्यांना खारेपणा चढू लागला होता. हे सारे 'विकास' याच नावाने चालले होते. जो विकास मागतो तो पुरोगामी आणि जो झाड मागतो तो मागासलेला, असे आम्हांला ऐकवले जाई. सेमिनरीत पोप सहावे पॉल यांचे १९६७ चे लोकांच्या विकासाविषयीचे परिपत्र आम्हांला शिकवले गेले. केवळ आर्थिक वाढ म्हणजे विकास नव्हे; तो प्रत्येक माणसाचा आणि संपूर्ण माणसाचा असावा, असा त्याचा आशय. ते पाठ करताना माझ्या डोळ्यांसमोर आमचे आटलेले बावखल असे.

तेव्हा विकासाला मत म्हणजे शहाणे मत, असे सरळ समीकरण मला मांडता येत नाही. शिवाय विकासाचे मत खरोखर विकासालाच जाते असेही नाही. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेपूर्वी आमची वसई उत्तर मुंबई मतदारसंघात होती. २००४ साली तेथे राम नाईक यांच्यासारखा केंद्रीय मंत्री उभा होता. उपनगरी रेल्वेच्या प्रवाशांसाठी त्यांनी कित्येक वर्षे केलेले काम त्यांचे विरोधकही नाकारीत नसत. त्यांचा पराभव झाला तो चित्रपट अभिनेता गोविंदा यांच्याकडून. त्याच निवडणुकीत देशभर 'इंडिया शायनिंग'च्या जाहिराती झळकत होत्या आणि सत्तारूढ आघाडी हरली. आकड्यांतली झळाळी आपल्या ओट्यावर पडलेली लोकांना दिसली नव्हती. दुसऱ्याच्या अंगणातील दिव्याने आपल्या घरात उजेड होत नाही.

आणि अस्मिता? ती गेली कुठे? उमेदवारी वाटण्यासाठी पक्षांच्या बैठका बसतात, तेव्हा विकासाचा जप करणारेच पुढारी मतदारसंघातील जातींची टक्केवारी घेऊन बसतात. भाषणात विकास आणि तिकिटात जात, अशी ही दोन बैलांची गाडी आहे. २०२४ च्या जानेवारीत अयोध्येत राममंदिराची प्राणप्रतिष्ठा झाली. अस्मितेचा याहून मोठा सोहळा अलीकडे झाला नसेल. चार-पाच महिन्यांनी निकाल लागला, तेव्हा अयोध्या ज्यात येते त्या फैजाबाद मतदारसंघात भारतीय जनता पक्षाचा पराभव झाला आणि समाजवादी पक्षाचे अवधेश प्रसाद निवडून आले. जागा खुल्या प्रवर्गाची, उमेदवार दलित. वृत्तपत्रांनी कारणे दिली त्यांत रस्तारुंदीत गेलेल्या दुकानांच्या भरपाईची तक्रार होती, तशीच राज्यघटना आणि आरक्षण यांविषयीची धास्तीही होती. म्हणजे एका बाजूने विकासाची किंमत बोलत होती आणि दुसऱ्या बाजूने एका दुखऱ्या ठिकाणाला हात लागल्यामुळे अस्मिता बोलत होती. ज्या अस्मितेचा जयजयकार झाला ती तृप्त होती, म्हणून कदाचित गप्प होती. जिला धोका वाटला ती बोलली.

आपल्यासारख्या अल्पसंख्य समाजाने या ठिकाणी क्षणभर थांबावे. ज्याची ओळख संख्येने सुरक्षित आहे, त्याला ती विसरून विकासाचा विचार करणे परवडते. चर्चवर दगड पडल्याची बातमी वाचून ज्याला रात्री झोप येत नाही, त्याला 'तुम्ही अजून ओळखीतच अडकलात' असे म्हणणे सोपे असले तरी योग्य नाही. त्याचा दात खरोखर दुखतो आहे. पण दुखणाऱ्या दाताचाही एक धोका असतो. बाकीच्या शरीराचे काय चालले आहे याकडे आपले लक्ष राहत नाही आणि दुखणे वाढवून सांगणाऱ्याच्या आपण अधीन होतो. २०१४ च्या ईस्टरला मी नेमके तेच केले होते. माझ्या लोकांची भीती मी त्यांच्याहून मोठ्या आवाजात बोललो. सुनेच्या रिकाम्या हंड्याविषयी एक शब्दही बोललो नाही.

नेतृत्वाच्या बाबतीतही मला एक धोका सांगायला हवा. जुन्या करारात इस्राएलचे वडीलधारे शमुवेल संदेष्ट्याकडे येतात आणि इतर राष्ट्रांना आहे तसा राजा आम्हांलाही दे, असा हट्ट धरतात. तो आमच्या लढाया लढेल, अशी त्यांची आशा असते. शमुवेल त्यांना बजावतो की, तुमची शेते, तुमचे द्राक्षमळे, तुमची मुले तो आपल्या सेवेला लावील. लोक ऐकत नाहीत; त्यांना राजा मिळतो. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत याच स्वरूपाचा इशारा दिला होता: धर्मात भक्ती असेल मुक्तीचा मार्ग, राजकारणात मात्र ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, अशा अर्थाचा. १९७१ साली ज्या नेतृत्वाला भारताने ३५२ जागा दिल्या, त्याच नेतृत्वाने १९७५ साली आणीबाणी आणली; आणि १९७७ साली उत्तर भारतातील त्याच गरीब मतदाराने त्याला घरी बसवले, रायबरेलीतही हरवले. मला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी लक्षात ठेवाव्याशा वाटतात. आपला मतदार चेहऱ्यावर भाळतो, हे खरे. आणि चेहऱ्याचा हिशेब मागायलाही तो विसरत नाही, हेही खरे.

* * *

२०२४ चे मतदान आमच्याकडे २० मे रोजी होते. माझी बदली होऊन बरीच वर्षे झाली होती, तरी मतदारयादीतील नाव जुन्याच गावी राहून गेले होते. उन्हे चढण्याआधी पोहोचावे म्हणून सकाळीच निघालो. शाळेच्या व्हरांड्यात दोन रांगा होत्या. वयोवृद्धांसाठी मांडलेल्या बाकावर मावशी बसल्या होत्या. नातू शेजारी उभा होता. माझ्या शिफारसपत्रावर शाळेत गेलेला तोच, आता उंच झालेला.

"फादर, या वेळी ईस्टरला तुमचं प्रवचन ऐकायला नव्हते मी," त्या म्हणाल्या. "काही सांगितलंत का लोकांना?"

"नाही मावशी. मतदानाला जा, एवढंच सांगितलं."

त्या हसल्या. मी विचारले, "पाणी येतं का आता?"

"येतं. रोज नाही, पण येतं. नळ दारात आहे. सून रात्री झोपते." मग थोडे थांबून म्हणाल्या, "पण आमच्या वाडीतलं बावखल बुजवलं. रस्ता मोठा केला ना. पावसाळ्यात आता पाणी ओटीला लागतं. चाफ्याची झाडं गेली. ते काही मी तेव्हा विचारलं नव्हतं."

मला काय बोलावे सुचेना. दहा वर्षांपूर्वी ज्या बाईने मला माझी चूक दाखवली होती, ती आज स्वतःची दाखवत होती, आणि तीही माझ्याहून कितीतरी कमी अभिमानाने.

"तुम्ही सांगायला पाहिजे होतं, फादर," त्या पुढे म्हणाल्या. "कोणाला द्यायचं ते नको. ते आमचं आम्ही बघू. पण मत मागायला आलेल्याला काय काय विचारायचं, ते कोणीतरी सांगायला नको का? आम्हांला एकच विचारायला सुचतं. घशाला कोरड पडते तेव्हा पाणी आठवतं. बाकीचं आठवत नाही."

इतक्यात त्यांना आत बोलावले. नातवाने हात दिला. दारापाशी त्या थांबल्या, त्याचा हात बाजूला केला आणि पडद्याकडे एकट्याच गेल्या. नातू माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याचेही पहिलेच मत होते. तो बेकार होता, कोठेतरी बाहेरदेशी जाण्याच्या खटपटीत होता. त्याला मी काही विचारले नाही.

मावशी बाहेर आल्या, तेव्हा डाव्या हाताचे बोट पदरापासून लांब धरले होते. शाई अजून ओली होती. कोणाला मत दिले, हे मी या वेळी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. पुढच्या निवडणुकीआधी लोकांना सांगण्यासाठी मी मात्र एका वहीत प्रश्न लिहून काढू लागलो आहे. पहिला प्रश्न त्यांचाच आहे: पाणी आणाल, पण बावखलाचे काय कराल?